डब्याचा नंबर, बँकेचा नंबर: नकोशा कॉल्सचं एक प्रकरण

पुण्यात कोथरूड भागात घरातून जेवणाचे डबे देणाऱ्या एका बाईंचं हे प्रकरण. ते कुणा एकाचं नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेकांकडे जे सारखंच दिसतं, ते एका घरात आणून मांडलं आहे. नियम, मुदती आणि रकमा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

घरात रोज चाळीसेक डबे निघतात. मदतीला दोघी आणि डबे पोचवायला एक मुलगा. बाईंकडे फोन एक, सिम एक, नंबर दहा-बारा वर्षं जुना. तोच नंबर गुगल मॅप्सवर आहे, दोन ऑनलाइन डिरेक्टऱ्यांत आहे, डब्यावरच्या स्टिकरवर आहे आणि शेजारच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेतल्या पाव पान जाहिरातीतही आहे. ती स्मरणिका मंडळाने पीडीएफ करून नेटवर टाकलेली. आणि तोच नंबर बँकेत, आधारला, यूपीआयला, गॅस बुकिंगला, महावितरणला आणि मुलाच्या शाळेत दिलेला.

सकाळी नऊ ते साडेअकरा ही डबे भरायची वेळ. नेमके त्याच वेळी कर्जाचे, क्रेडिट कार्डांचे, प्लॉटचे कॉल येतात. त्यातले बरेच रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे असतात: ‘तुमचं गुगल लिस्टिंग बंद होणार आहे, चालू ठेवण्यासाठी एक दाबा.’ अनोळखी नंबर उचलूच नका, हा नेहमीचा सल्ला इथे निरुपयोगी आहे. नवं गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येतं. ज्याचं पोट अनोळखी कॉलवर चालतं त्याला कॉल अडवणारं ॲप पुरेसं का पडत नाही, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न.

आधी ॲप टाकलं

कुणीतरी सुचवलं म्हणून कॉल अडवणारं एक मोफत ॲप टाकलं. त्याने परवानग्या मागितल्या: संपर्क, कॉल लॉग, एसएमएस, लोकेशन. सगळ्यांना ‘होय’ म्हटलं, कारण त्याशिवाय पुढचा पडदा उघडेना. ‘संपर्कांबाहेरचे सगळे कॉल अडवा’ हे बटणही चालू केलं.

पहिला फटका गिऱ्हाइकीला बसला. नव्या लोकांचे कॉल वाजेचनात. किराणा घरपोच देणाऱ्यांचे कॉलही गेले, कारण अशा सेवा गिऱ्हाईक आणि पोचवणारा यांच्यामध्ये स्वतःचा आभासी नंबर ठेवतात आणि तो बहुतेकदा लँडलाइनसारखा दिसतो. अडवलेले कॉल त्या ॲपने फोनच्या कॉल लॉगमधूनही काढून टाकले. त्यामुळे कोणाचा कॉल चुकला तेही कळेना आणि तक्रार करायला पुरावाही उरेना.

दुसरा फटका जास्त गंभीर, आणि तो दिसत नाही. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या फोनमध्ये अशी होती: ‘जोशी काकू शुगर बी-४०२’, ‘कुलकर्णी आजोबा मीठ कमी एकटे’. कामाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, फोन वाजला की डबा कुठला ते लगेच कळतं. पण संपर्कांची परवानगी दिली आणि ॲपने यादी आपल्या सर्व्हरवर नेली, की आजार, फ्लॅट नंबर आणि घरी एकटं राहणारं माणूस, हे सगळं नंबरासकट बाहेर जातं. या माणसांनी ते ॲप कधी पाहिलेलंही नसतं. लोकांच्या फोनबुकांतून नावं गोळा करणाऱ्या कॉलर आयडी सेवांमध्ये नंबरापुढे दिसणारं नाव असंच तयार होतं: चार जणांनी जे नाव ठेवलं ते.

सगळीच ॲपं हे करत नाहीत. ट्रूकॉलरचं म्हणणं आहे की गुगल प्ले आणि ॲपल स्टोअरवरून घेतलेलं त्यांचं ॲप वापरणाऱ्याचं फोनबुक शोधासाठी चढवत नाही. पण लहानसहान मोफत ॲपांचं धोरण वाचल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये. एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर ती टाकूच नये.

तिसरी गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. बाईंचाच नंबर गिऱ्हाइकांच्या फोनवर लाल रंगात ‘स्पॅम’ म्हणून दिसू लागला. कारण साधं होतं. डबा दाराशी ठेवला की डबे पोचवणारा मुलगा बरोबर नेलेल्या बाईंच्याच फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. तासाभरात चाळीस वेगवेगळ्या नंबरांना दोन-तीन सेकंदांचे कॉल. यंत्राच्या नजरेला ऑटोडायलरही (आपोआप नंबर फिरवणारं जाहिरातदारांचं यंत्र) असाच दिसतो. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरच स्पॅम ओळखण्याची सोय आणली, तीही कॉलची वारंवारता आणि कालावधी असे निकष बघते. वर दोन-चार लोकांनी चुकून ‘स्पॅम’ दाबलं की शिक्का पक्का.

ॲपला खरं तर किती परवानगी लागते

अँड्रॉइड १० पासून ‘कॉलर आयडी आणि स्पॅम ॲप’ अशी वेगळी भूमिका आहे. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स या वाटेने ती एका ॲपला देता येते. ही भूमिका मिळाली की येणाऱ्या कॉलचा नंबर फोन स्वतःच त्या ॲपला कळवतो. त्यासाठी कॉल लॉग लागत नाही, एसएमएस लागत नाही, लोकेशन तर नाहीच. संपर्कांची परवानगी नाकारली तर उलट फायदाच: फोनबुकातल्या माणसांचे कॉल ॲपकडे न जाता थेट वाजतात. म्हणजे जोशी काकूंचा कॉल तपासायला ॲपला मिळतच नाही.

निर्णय द्यायला ॲपला पाच सेकंद मिळतात. नेट मंद असलं आणि सर्व्हरचं उत्तर तेवढ्यात आलं नाही, की कॉल वाजतो. ‘ॲप असूनही कॉल येतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. दुसरं कारण असं की कॉल करणारे नंबर सतत बदलतात. एकेक नंबर हाताने ब्लॉक करत बसण्यात वेळ घालवू नये.

आयफोनची रचना वेगळी. तिथे ॲप नंबरांची यादी फोनला देऊन ठेवतं आणि जुळवणी फोन स्वतः करतो. कोणाचा कॉल आला हे ॲपला कळत नाही. आयओएस १८ पासून सर्व्हरला विचारून ओळखण्याचीही सोय आहे, पण तो प्रश्न कूटबद्ध राहूनच जातो, सर्व्हरला नंबर वाचता येत नाही. तरीही तिथलं एखादं ॲप संपर्क मागू शकतं, आणि तिथेही उत्तर ‘नाही’ हेच द्यावं.

ॲप काढतानाचा क्रम महत्त्वाचा. नुसतं अनइन्स्टॉल केलं की फोनवरचं ॲप जातं, सर्व्हरवर गेलेली यादी तिथेच राहते. आधी सेटिंग्जमधून परवानग्या काढायच्या, मग ॲपच्या आत जाऊन खातं हटवायचं, आणि त्यानंतर अनइन्स्टॉल. खातं तयार करायला लावणाऱ्या ॲपने ते हटवायची सोय ॲपमध्ये आणि वेबवरही दिलीच पाहिजे, असा गुगल प्लेचा नियम आहे. ट्रूकॉलरच्या यादीतून नंबर काढायचा असेल तर खातं आधी निष्क्रिय करावं लागतं आणि मग त्यांच्या अनलिस्टिंग पानावर +९१ लावून नंबर द्यायचा.

नंबर कुठे कुठे सांडला आहे

शोध एकदा घेऊन भागत नाही. तोच नंबर अवतरणचिन्हांत घालून चार प्रकारे शोधायचा: सलग दहा आकडे, मध्ये जागा सोडून पाच-पाच, पुढे +९१ लावून आणि पुढे ० लावून. त्यानंतर व्यवसायाचं नाव आणि भाग. प्रत्येक पानापुढे एका वहीत लिहायचं की नंबराबरोबर आणखी काय दिसतं: नाव, घराचा पत्ता, फोटो? धोका नंबराशेजारच्या याच माहितीत असतो. ‘टिफिन सर्व्हिस, कोथरूड’ एवढं जोडलेला नंबर हा लहान व्यावसायिकाला कर्ज विकणाऱ्यासाठी तयार माल आहे. घराचा पत्ता जोडलेला नंबर त्याहून वाईट.

इथे काय काय निघालं? मॅप्सच्या नोंदीत घराचा पूर्ण पत्ता होता. एका गिऱ्हाइकाने मेन्यूकार्डाचा फोटो टाकला होता, त्यात नंबर. डिरेक्टरीत नाव, नंबर आणि गल्ली. स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये सगळंच. डब्याच्या स्टिकरवर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक होता. तो छापणं बंधनकारक आहे आणि छापावाच, फक्त त्यावरून सरकारी संकेतस्थळावर नोंदणीचा पत्ता निघतो हे ध्यानात ठेवावं. शिवाय कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये हा नंबर टाकला की बँकेतलं नाव समोर येतं. म्हणजे स्टिकर हातात असलेल्या माणसाला पूर्ण नाव, घर आणि बँकेला जोडलेला नंबर, तिन्ही मिळतात. ‘मॅडम, तुमच्या खात्याचं केवायसी राहिलंय’ असं पूर्ण नावानिशी बोलणारा भामटा ही माहिती इथूनच उचलतो.

स्वच्छता जमेल तेवढी केली. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये पत्ता काढून नुसती सेवा देण्याची ठिकाणं ठेवता येतात, वीसपर्यंत. डबे घरपोच देणाऱ्या व्यवसायाला पत्ता दाखवायची गरजच नाही, म्हणून तो काढला. मेन्यूकार्डाच्या फोटोबद्दल तक्रार नोंदवली. मंडळाला फोन करून पीडीएफ उतरवून घेतली. त्यानंतरही ती शोधात दिसते, म्हणून गुगलच्या ‘जुना मजकूर’ काढण्याच्या फॉर्मवर दुवा दिला. शोधातून नाव-नंबर-पत्ता काढण्याची विनंती गुगल २०२२ पासून घेतं, पण त्याने मूळ पान जात नाही. आधी मूळ पान, मग शोध, हाच क्रम.

डिरेक्टऱ्यांमध्ये ‘तात्पुरतं बंद’ आणि ‘काढून टाका’ या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीने नंबर दिसतच राहतो. आणि डिरेक्टऱ्या एकमेकींचं उचलतात, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेला नंबर तिसऱ्याच ठिकाणी उगवतो.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम ३ नुसार, व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही. मॅप्सवर नंबर बाईंनी स्वतः टाकला, तेव्हा तो तिथून उचलणाऱ्याविरुद्ध या कायद्याने फारसं काही हाती लागणार नाही. फोनबुकातून ॲपकडे गेलेल्या जोशी काकूंची गोष्ट वेगळी. त्यांनी काहीच जाहीर केलेलं नव्हतं. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे, त्यामुळे माहिती पुसून घेण्याच्या हक्काची खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

निर्णय: जुना नंबर लोकांना, नवा बँकेला

दुसरा नंबर घ्या, असं सगळेच सांगतात. चूक होते ती कुठला नंबर कशाला द्यायचा यात. बहुतेक लोक नवं सिम घेऊन ते व्यवसायाला देतात आणि जुना ‘खाजगी’ ठेवतात. पण जुना नंबर सगळीकडे पसरलेला आहे, तो परत गोळा होणार नाही. उलट करायला हवं. जुना नंबर व्यवसायाचा म्हणून जाहीरच राहू द्यायचा आणि त्याला चिकटलेलं खाजगी सगळं नव्या नंबरावर न्यायचं.

नंबर गुप्त ठेवण्यावर भिस्त ठेवता येत नाही, याला आणखी एक कारण आहे. दहा आकडी नंबर यंत्राने ओळीने तपासता येतात. व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या संपर्क शोधण्याच्या सोयीतूनच जगभरचे साडेतीनशे कोटी चालू नंबर मोजून दाखवले. ती पळवाट आता अरुंद केली आहे, पण मुद्दा उरतोच: नंबराला काय जोडलेलं आहे तेवढंच आपल्या हातात असतं.

हलवण्याचा क्रम असा ठेवला. पहिल्यांदा बँक: शाखेत अर्ज, आणि नव्या नंबरावर ओटीपी येतो याची खात्री. मग यूपीआय. नव्या नोंदणीनंतर साधारण पहिले २४ तास पाठवण्याची मर्यादा ₹५,००० असते, म्हणून महिन्याचा किराणा भरायच्या दिवशी हे काम काढू नये. बऱ्याच ॲपांत यूपीआय आयडी म्हणजे नंबरच असतो. तो बदलून व्यवसायाच्या नावाचा घेतला. छापलेल्या क्यूआर कोडमध्ये जुनाच आयडी असतो, तेव्हा दाराशी आणि डबे पोचवणाऱ्या मुलाच्या गळ्यातल्या कार्डावर नवा कोड लावला. मग आधार: सेवा केंद्रात जाऊन, शुल्क ₹७५. त्यानंतर आयकर पोर्टल, डिजिलॉकर, ईमेलचा रिकव्हरी नंबर, शाळा. हे सगळं होईपर्यंत जुनं सिम त्याच फोनमध्ये चालू ठेवलं, कारण बदल मान्य करणारा ओटीपी बहुतेक ठिकाणी आधी जुन्या नंबरावरच येतो.

नवा नंबर नातेवाइकांनाही दिला नाही. त्यांच्या फोनमध्ये तो ‘वहिनी बँक नंबर’ म्हणून साठवला जाईल आणि त्यांच्या एखाद्या ॲपबरोबर बाहेर पडेल. मॉलच्या बिलिंग काउंटरवर मागितला तर जुना सांगायचा.

या व्यवस्थेत बिघडतं ते सहसा इथे: फक्त ओटीपी घेणारं सिम वापराअभावी बंद पडतं. प्रीपेड सिम ९० दिवस न वापरल्यास बंद होऊ शकतं, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तेव्हा बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. म्हणून महिन्यातून एकदा त्या सिमवरून एक कॉल करायचा आणि वैधता संपू द्यायची नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावेच लागतात, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. या सिमला तोच पॅक योग्य.

जुन्या नंबरावरची गाळणी

इथे कॉल अडवायचे नाहीत, ओळखायचे. फोनच्या मूळ डायलरमधली ‘कॉलर आणि स्पॅम आयडी’ ही सोय चालू, आपोआप अडवणं बंद. स्पॅम दिसला तर उचलायचं नाही, पण लॉगमध्ये नोंद राहते. सकाळी डबे भरण्याच्या वेळेत हे सिम शांत ठेवलं आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ‘साडेअकरानंतर फोन करते, चौकशी इथे लिहा’ असा आपोआप जाणारा निरोप लावला. नवं गिऱ्हाईक लिहून ठेवतं, यंत्र लिहीत नाही. सगळ्या खटाटोपात सकाळची शांतता सगळ्यात जास्त याच एका बदलाने मिळाली.

मिस्ड कॉल बंद करून ‘डबा पोचला’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्टने पाठवायला सुरुवात केली. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच ते मिळतं, हे गिऱ्हाइकांना आधी सांगावं लागतं. स्पॅमचा शिक्का ज्या ज्या सेवेत दिसला तिथे तो काढण्याची विनंती केली. मूळ सवय बदलली नसती तर शिक्का पुन्हा बसला असता.

नकोशा जाहिराती थांबवण्यासाठीच्या १९०९ या नंबरावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग जागा सोडून शून्य असा एसएमएस केला की सगळ्या वर्गांतल्या जाहिराती नाकारल्या जातात. नोंदणीकृत कंपन्यांचे १४० ने सुरू होणारे कॉल याने कमी होतात. १६०० ने सुरू होणारे नंबर बँका आणि सरकारी सेवांच्या कामाच्या कॉलसाठी आहेत, ते ब्लॉक करू नयेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात करणाऱ्याला नियमाने मुळातच मनाई आहे आणि त्याला डीएनडीची (जाहिराती नाकारणाऱ्या या नोंदणीची) पर्वा नसते. त्याच्यासाठी तक्रार हेच हत्यार.

आणि ते बोथट नाही. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर डीएनडी नोंदणी नसली तरी तक्रार करता येते आणि मुदत तीनऐवजी सात दिवस आहे. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी त्या नंबरावर कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर सगळे कनेक्शन वर्षभर बंद. पाच हा आकडा एका सोसायटीतही जमतो. कॉल आलेल्या सिमवरूनच १९०९ ला एसएमएस करायचा: कशाबद्दल बोलला ते एका ओळीत, स्वल्पविराम, त्याचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. ‘कर्जाचा कॉल’ इतकंच लिहिलेली तक्रार कच्ची ठरू शकते. ‘विनातारण व्यवसाय कर्ज, रेकॉर्ड केलेला आवाज, एक दाबा’ असं लिहावं.

फसवणुकीचा संशय असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत नोंद, आणि पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, बाकी सगळं नंतर. लिस्टिंगवाल्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला कोणतंच बटण दाबायचं नाही, ‘यादीतून काढण्यासाठी ९’ सुद्धा नाही. दाबलं की हा नंबर जिवंत आहे आणि माणूस ऐकतो, एवढं त्यांना कळतं. गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे, आणि त्याचा पडताळणी कोड फोनवर कुणाला सांगितला तर आख्खी नोंदच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते.

फोनबुक बदलायला एक दुपार लागली. ‘जोशी काकू शुगर बी-४०२’ आता फोनमध्ये ‘जोशी १७’ आहेत. सतरा नंबरच्या डब्याला साखर नाही आणि तो बी विंगला चौथ्या मजल्यावर जातो, हे स्वयंपाकघरातल्या वहीत लिहिलेलं आहे. डबे पोचवणाऱ्या मुलाच्या फोनमधली नावंही तशीच करून घेतली, कारण त्याच्याही फोनमध्ये कॉल ओळखणारं ॲप होतं आणि त्यालाही संपर्कांची परवानगी दिलेली होती.